बारा ग्रॅम जास्त

आमच्या घरी कोनाडा आहे, देव नाही.
आजोबांनी तो छप्पन्न साली रिकामा केला
आणि पुन्हा कशानेच भरू दिला नाही,
घड्याळानेसुद्धा.
लहानपणी मी त्यात हात घालून बघायचो.
भिंत गार लागायची, मे महिन्यातही.

एकतीस वर्षं वजनमापे खात्यात काढली.
इतवारी, कळमना, कॉटन मार्केट.
पितळी वजनांवर शिक्के मारले, तराजू जप्त केले,
आणि प्रत्येक दुकानात पहिलं वाक्य एकच:
आधी पारडी रिकामी करा.
काटा मधोमध थांबतो का, ते बघू.

निवृत्तीनंतर शनिवारी धंतोलीत जायला लागलो,
देवपुजारी सरांच्या गच्चीवर.
आडनाव हे, आणि सर पक्के नास्तिक;
त्यावर सगळ्यांच्या आधी तेच हसतात.
सात-आठ माणसं, चिवडा, कुरकुरणारा टेबलफॅन
आणि आयुष्याला अर्थ असतो की आपण तो देतो
हा दोन उन्हाळे चाललेला वाद.
मी एकदा विचारलं, सर, हा अर्थ मोजतात कशात?
सगळे हसले. सर हसले नाहीत.
म्हणाले, उके, तुम्ही बसून पाहा. नुसतं बसून.

म्हणून बसलो.
पहाटे चारला, बेझनबागेत, आमच्याच गच्चीवर,
सिमेंटमधून कालचं ऊन अजून निघत असतं तेव्हा.
घंटा नाही, मंत्र नाही, कुणाचा फोटो नाही.
श्वास आत. श्वास बाहेर. डास.
मोतीबागेकडे शंटिंगचं इंजिन.
वाटलं होतं, काही उजेडबिजेड दिसेल.
दिसली ती कॉटन मार्केटमधली बाई.

साल शहाण्णव असेल. पुढ्यात वांग्यांची टोपली,
तराजूत अर्ध्या किलोच्या जागी दगड.
मी उचलला. नियमाने उचलावाच लागतो.
ती म्हणाली, "दगडबी खोटा रायते का जी, साहेब?"
ऑफिसात तोलला.
अर्धा किलो, आणि वर बारा ग्रॅम.
म्हणजे ती रोज, प्रत्येक गिऱ्हाइकाला
बारा ग्रॅम जास्त देत होती, नकळत.
किंवा कळून. हे मी कधी विचारलं नाही.
रजिस्टरात लिहिलं: अप्रमाणित.
चूक ती चूक, कोणत्याही बाजूची.
दंड पन्नास रुपये. पावती दिली.

तेव्हापासून रोज पहाटे तीच.
श्वास आत, बाई. श्वास बाहेर, बाई.
सरांना सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले,
मग कुणा जुन्या तत्त्ववेत्त्याचं काही सांगू लागले,
मध्येच थांबले. म्हणाले, जाऊ द्या,
ते इथे लागू होत नाही.
त्या दिवशी सर मला फार आवडले.

गेल्या महिन्यात जाऊन आलो.
तिच्या जागेवर मेट्रोचा खांब, खांबावर नंबर.
लसणवाल्याला विचारलं.
"कोनती बाई? इथं बायाच बाया होत्या, बाप्पा."

दगड मात्र आहे. जप्तीचा माल मोडीत निघाला तेव्हा
मी तो खिशात घालून घरी आणला होता, का कोण जाणे.
पंचशीलाने कूलरच्या स्टँडखाली लावलाय,
त्याचा एक पाय आखूड आहे म्हणून.
मी म्हटलं, काढू तो, कोनाड्यात ठेवू.
"काहून? कोनाडा रिकामा हाये तेच बरं.
अन् कूलर डुगडुगन, त्याचं काय?"

तेही खरंच.
रात्रभर कूलर चालतो, खसचा ओला वास येतो,
एक लोखंडी पाय दगडावर टेकून असतो.
पहाटे मी बसतो. पारडी रिकामी करायला जातो
तर एकात ती असते.
काटा जरासा कलतो.
पूर्वी इथे मी पेन काढलं असतं.