साकव विकली गेली त्या आठवड्यात

बातमीच्या आधी श्रेणिक कुडचे आले, मार्केट यार्डातून,
बाह्यांवर हळदीची पूड.
"तेरदाळे, साकवचे किती डबे शिल्लक आहेत?
सहा बांधा."
गाळा एक, राउटर सहा कशाला?
"मोठ्यानं धाकट्याला गिळलं की पहिला चढतो भाव.
यार्डात कळतं हे. सांगलीत इतरत्र उशिरा."

साकव म्हणजे अकराशे रुपयांचा पांढरा डबा,
दोन अँटेना, एक दिवा.
नाव बरोबरच होतं,
ओढ्यावरच्या साकवासारखा एकेकालाच पार करायचा,
चौथा फोन जोडला की डुगडुगायचा.
आणि पाठीवर मराठीत छापलेलं:
दिवा लाल असेल तर एकदा बंद करून चालू करा.
बहुतेकदा तेवढ्यानं भागायचं.

मिरजेहून मुबारक सतारमेकर आले.
"भोपळा तोच, दांडी तीच,
आत कागद दुसऱ्याच्या नावाचा.
आमच्याकडं जुनं आहे हे.
वाजते तशीच हो.
फक्त दुरुस्तीला कुणाच्या दारात न्यायची
ते गिऱ्हाइकाला कळेना होतं."

विश्रामबागचा इंजिनिअरिंगचा पोरगा म्हणाला,
"बरं झालं, काका. आता तरी अपडेट येतील.
साकवचा पासवर्ड माझ्या बहिणीनं दहा मिनिटांत काढला.
सातवीत आहे ती."
हेही खरं होतं.
मी काउंटर पुसत राहिलो.

फिलोमिना सिस्टरचा फोन:
"नवी कंपनी मोबाइल मागते, ईमेल मागते, जन्मतारीख मागते.
मी पेशंटला एवढं विचारत नाही."

कवठे एकंदची सुनंदा बंडगर
सेवा केंद्र बंद करून एसटीनं आली होती.
एकच प्रश्न, "वॉरंटी आता कोण देणार?"
मी तिच्या कार्डावर दुकानाचा शिक्का मारला.
तिला तो पुरेसा वाटला.
त्याचीच मला रात्री भीती वाटली.

पुराच्या वर्षी दुकानात छातीपर्यंत पाणी होतं.
तेव्हा साकवच्या हेल्पलाइनवर एक माणूस असायचा,
बोलण्यावरून लोणंदकडचा.
"उघडा. गोड्या पाण्यानं धुवा. चार दिवस उन्हात ठेवा.
तांदळाच्या डब्यात नको, तांदूळ खायला लागतील तुम्हाला."
एक्केचाळीस डबे गच्चीवर, वाळवणासारखे.
सव्वीसांचे दिवे लागले.
पंधरा त्यांनी बदलून दिले.
नियमात बसत नव्हतं.
म्हणाले, "मी बसवतो."
नाव विचारायचं राहिलं.

शनिवारी तोच नंबर लावला.
हिंदीसाठी एक, इंग्रजीसाठी दोन.
तीन दाबून पाहिलं.
एकोणीस मिनिटं बासरी वाजली.

मंगळवारी कंपनीचा माणूस नवा बोर्ड घेऊन आला,
'साकव, आता एका मोठ्या परिवारात.'
जुन्या खिळ्यांच्या भोकांना तो जुळेना.
कुडचे तिथंच उभे होते.
"परिवार म्हणता, मग मयताला याल का?"
माणूस हसला, बिचारा, नवीन लागलेला,
त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर अजून जुनंच नाव.

आणि भाव?
चढला नाही.
नऊशे नव्वदवर आला.
कुडचे सहापैकी पाच डबे पिशवीत घालून हजर,
माझ्याकडं न बघता, कॅलेंडरकडं बघत.
मी घेतले परत.
हळदीचे पिवळे अंगठे होते खोक्यांवर.

नवा माल गुरुवारी आला.
तोच डबा, तेच दोन अँटेना, रंग काळा.
पाठीवरची ओळ गेलेली,
तिथं ठिपक्यांचा एक चौकोन,
फोननं वाचायचा.
म्हणजे नेट बंद पडलं
की नेट लावून बघायचं.

रात्री शटर अर्धं ओढून
पांढरा मार्कर घेतला.
दिवा लाल असेल तर
एवढं लिहीपर्यंत डब्याची कड आली.
अक्षर माझं पहिल्यापासून मोठं.
उरलेलं खालच्या बाजूला लिहिलं,
उलटा करून वाचावं लागेल.