एकाच बाजूने

हडर्सफील्डमध्ये, कालव्याकाठच्या जुन्या लोकरीच्या गिरणीत
जिथं माग खडखडायचे
तिथं आता वीस अंशांची एक खोली आहे.
वीस म्हणजे वीस. बाहेर फेब्रुवारी काही का म्हणेना.

मधोमध काळ्या ग्रॅनाइटवर
एका डोळ्याचं यंत्र.
फूटभर काचेच्या पट्टीवरच्या क्रोमच्या रेघा
ते एकेक करून बघतं,
सरकतं, थांबतं, बघतं,
आणि आपण नेमके कुठे उभे आहोत ते सांगतं.
सांगतं ते चुकतं.
फार नाही, तीन मायक्रॉन.
केसाचा पंचविसावा भाग.
आईला सांगितलं तर म्हणेल, म्हणजे काहीच नाही की!

पण कुणाच्या तरी कानाच्या आत बसणाऱ्या
डाळीएवढ्या चकतीची सहा भोकं
या काहीच-नाहीच्या भरवशावर आहेत.

तीन आठवडे मी भिंग पुसलं, दिवा बदलला,
पट्टे आवळले, सैल केले, परत आवळले.
तीनाचे तीनच.

गुरुवारी ऑलरेनशॉ आला.
निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी गुरुवारी येतो,
स्वतःचा मग घेऊन.
स्क्रीनकडे बघितलंच नाही त्यानं.
मोटारीचा आवाज ऐकत राहिला,
जातानाचा एक, येतानाचा वेगळा.
"रेघेकडे हे कधी डावीकडून जातं, कधी उजवीकडून.
स्क्रूच्या आट्यात ढिलाई असायचीच, पोरी.
ती जात नसते.
तिला एका बाजूला झुकवून ठेवायचं."

मग मी यंत्राला शिकवलं:
उजवीकडून येत असलास तर रेघ ओलांड,
थोडा पुढे जा, वळ,
आणि डावीकडूनच ये. दर वेळी. घाईत असलास तरी.

तीनाचा दीड झाला.

हा दीड मात्र लबाड.
सकाळी नसायचा, अकराला हजर.
मी जेवून परत आले की गायब,
तासाभरानं पुन्हा आपला जागेवर.

बाबा भूमापनात होते, पारनेर तालुक्यात.
साखळी सायकलला बांधून अंधारात निघायचे.
उन्हं चढली की मोजणी बंद,
तलाठी, पंच, दोन्हीकडचे भाऊबंद
बाभळीखाली ताटकळत.
"उन्हात साखळी खोटं बोलते," म्हणायचे,
"आणि हद्दीचा दगड एकदा खोटा बसला
की तीन पिढ्या कोर्टात."

थर्मामीटर घेऊन मी खोलीभर फिरले.
दाराशी वीस. खिडकीशी वीस. छताखाली वीस.
पट्टीच्या टोकाशी, माझ्या खुर्चीजवळ,
वीस पूर्णांक सहा.

ऊन मीच होते.

खुर्ची उचलली, काचेच्या भिंतीपलीकडे नेली.
खोली मला विसरेपर्यंत थांबले,
दोन तास लागले तिला.
मग बटण दाबलं, आणि लांबूनच बघत राहिले
माझ्यावाचून आकडे कसे जुळत जातात ते.

शून्य पूर्णांक तीन उरला. तो राहू दिला.
प्रत्येक रेघेपुढे तिची खोड लिहून तक्ता केला,
यंत्र आता बघतं, खोड वजा करतं, मग बोलतं.
ऑलरेनशॉ म्हणाला, "वाईट नाही."
यॉर्कशरात याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

रात्री साडेअकराला फोन लावला.
तिकडे पहाट, बाबा उठलेले असतातच.
"चूक सापडली," म्हटलं.
"केवढी होती?"
"केसाचा पंचविसावा भाग."
"कशाचा?"
"केसाचा!"
"मोठ्यानं बोल, ऐकू येत नाही."
"केसाचा, बाबा! केसाचा!"
रिकाम्या गिरणीत माझाच आवाज घुमून परत आला.
पलीकडे थोडा वेळ नुसती खरखर.
मग म्हणाले, "एकदा परत मोज.
ऊन चढायच्या आत."