लाभ, दोन, तीन

तासगावात, मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला,
बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये
काट्याशेजारच्या खोलीत बसून
मी खिडकी मांडते आहे.
बाहेर एप्रिल, माझ्या अंगात स्वेटर.
खिडकी पडद्यावरची,
या खोलीला खरी खिडकी नाहीच.

ओळ शून्य, स्तंभ शून्य: पावती क्रमांक.
ओळ शून्य, स्तंभ एक: त्याची रिकामी चौकट.
खाली बागाईतदार. त्याखाली पेट्या.
त्याखाली वजन, मग चेंबर, मग रॅक.

मागे भूपाल मगदूम,
इथले एकतीस वर्षांचे दिवाणजी,
चष्मा कपाळावर सरकवून वाचतायत.
"शून्यापासनं मोजतीस व्हय गं?"
"मशीन तसंच मोजतं, काका."
"मग पयली ओळ कुठली म्हनायची?"
"शून्यावी."
ते हसले नाहीत.
दाराबाहेर इलाही तोलार पेट्या उतरवून घेत होता:
लाभ,
दोन,
तीन,
चार...
"हे बघ," काका म्हणाले, "ह्यो तरी कुठं एक म्हनतोय?"

मी कोडात वर जाऊन लिहिलं: लाभ = ०.
चाललं.

जतन करायचं बटण मधोमध तरंगत होतं,
तळ्यात पडलेल्या चपलेसारखं.
त्याला म्हटलं, पूर्वेला चिकट, पश्चिमेलाही,
तेव्हा कुठे दोन्ही हात पसरून ते भिंतींना टेकलं.
मध्ये जरा श्वास हवा म्हणून
एक ओळ रिकामी सोडली होती, ती दिसेचना.
आत काही ठेवल्याशिवाय
इथे ओळीला उंचीच नसते.
मी तिला वीस ठिपके दिले, नुसते असण्यासाठी.

चहा आला. काकांनी कपाटातून जुनी वही काढली,
माझ्या कीबोर्डवरच ठेवली.
"समदं बसलंय तुझं. शेरा कुठाय?"
शेटजी म्हणाले होते, शेरा नको, उगाच जागा खातो.
मी वही उलटली. उजव्या कडेच्या अरुंद रकान्यात
निळ्या शाईत, तिरकं तिरकं:
*पेटी सात ओली, परत वाळवणे.*
*भाऊ-भाऊ भांडलेत. दोघांची सही असल्याबिगर माल सोडू नये.*
*ऐकू येत नाही. फोन सुनेला करावा.*
*ह्यांचे वडील वारले. भाडे पुढच्या महिन्यात मागावे.*
आणि एका जागी नुसतंच: *माणूस खरा.*

मग मी रॅकच्या खाली जागा केली.
सहा होतं त्याचं सात, सात होतं त्याचं आठ,
पंगतीत उशिरा आलेल्याला
सरका जरा, सरका म्हणत घेतात, तसं.
शेऱ्याला दोन्ही स्तंभ दिले, आडवे, अख्खे.

राहिलं वजन.
काट्यावरचं नव्हे. कोडात वजन म्हणजे
खिडकी ताणली, तर वाढलेली जागा
कुणाच्या वाट्याला किती.
पावतीला शून्य. पेट्यांना शून्य.
किलोच्या चौकटीलासुद्धा शून्य.
शेऱ्याला एक.

"काका, हा कोपरा धरा, ओढा."
त्यांनी माऊस तोलून बघितला आधी,
मग धरला, ओढला.
सगळं होतं तिथेच राहिलं.
एकटा शेरा खाली खाली उतरत गेला
पडद्याच्या तळापर्यंत.
त्यांनी पुन्हा लहान केला. पुन्हा ओढला.
बाहेर इलाहीची मोजणी चुकली बहुतेक,
तो परत लाभपासून सुरू झाला.

मग एका बोटाने, प्रत्येक अक्षर शोधत,
अकरा मिनिटं घेऊन,
दिवाणजींनी पहिली नोंद केली.
वरच्या चौकटी सगळ्या कोऱ्या.
शेऱ्यात:
*खिडकी बरी आहे. अक्षर बारीक.*