शेऱ्याचा रकाना

उत्पादन शुल्क खात्यात एकतीस वर्षं,
बाबांच्या करदोट्याला मुद्देमाल खोलीची किल्ली.
अंघोळीलाही काढायचे नाहीत.

रजिस्टरात रकाने सहा:
तारीख, गुन्हा नंबर, आरोपी, वजन, लाखेची मोहोर,
आणि कडेला, करंगळीएवढा, शेरा.
तिथं बाकीचे लिहायचे 'ठीक'.
दुडम कारकून लिहायचे वास.

'इथलाच. तुरीच्या ओळीत लपवून वाढवलेला,
तुरीची धूळ अजून आहे.'
'डोंगरातला. राळ जास्त. पावसात वाळवला, वाया घालवला.'
साहेब म्हणायचे, दुडम, अत्तराचं दुकान काढा.
बाबा मान खाली घालून मोहोर तापवत राहायचे.

ब्याण्णवचा मे. सोलापूर भट्टीतून काढल्यासारखं.
मद्रासकडून आलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा
पार्सल ऑफिसात आठवडाभर पडून, नाव ना गाव.
आत बांबूच्या काड्या,
काडीकाडीला दोऱ्यानं आवळून बांधलेली फुलं,
आणि एक चिठ्ठी, जिची अक्षरं बघून
हवालदार म्हणाला, ही तर जिलबी.

बाबांनी आधी दोरा पाहिला.
पाच्छा पेठेतला माणूस, मागाच्या खटखटीत दात आलेले.
पीळ उलगडला, जिभेला लावला.
ताग नाही, म्हणाले, अंबाडी नाही.
ह्याच झाडाची साल सोलून
त्याच झाडाला बांधलंय.

मग नाक.
लिंबाची साल, ताजी. तिच्यामागं कापूर.
तळाशी ओली सहाण, चंदन उगाळून उचललेलं.
आणि आणखी एक काहीतरी.
येतं, पण नाव येत नाही.

नाव रात्री अडीचला आलं.
गच्चीवर सगळे झोपलेले, बाबा उठून बसले,
आईला हलवून म्हणाले, तातांची बंडी.

नरसय्या दुडम. रंगूनच्या गोदीत हमाल.
बॉम्ब पडले तेव्हा चालत निघाला,
चार महिन्यांनी घरी आला तो
एका बंडीनिशी.
ती बंडी खुंटीवर होती बाबा शाळेत जाईपर्यंत,
आणि कुणी धुतली नव्हती.

सकाळी पोह्यांची बशी हातात धरून बाबा आम्हाला सांगत होते,
घरात आपण गंजायि म्हणतो, ऑफिसात गांजा,
आणि पार तिकडं, सयामात, कंचा.
बी इथूनच गेलं असणार, कुणाच्या तरी कमरेच्या गाठीत,
शब्द बियाच्या सोबतीला.
खारं पाणी लागलं की कोरं कापड आटतं,
तसा ग आटून क झाला.
पण वीण बघ, म्हणाले. वीण आपलीच.
पोहे गार झाले.

कोर्टाचा हुकूम ऑगस्टात आला.
बंद गिरणीच्या मागं, पंचांसमक्ष, रॉकेल ओतून.
दोन किलो एकशे चाळीस ग्रॅम.
सगळे वाऱ्याच्या वरच्या बाजूला, नाकाला रुमाल.
पंच गुंडेटी दोनदा शिंकले.
बाबा खालच्या बाजूला उभे, डोळे मिटून,
रुमाल घडी करून खिशात.
धूर तलावाकडं गेला.
कुणी तरी म्हणालं, दुडमला चढली.

आयुष्यात सुपारीचं खांड खाल्लं नव्हतं त्यांनी.

गेल्या वर्षी मी अर्ज केला, नक्कल मिळावी म्हणून.
कारण या रकान्यात लिहिलं: कौटुंबिक.
खिडकीतली मुलगी चांगली होती, तिनं शोधलं.
म्हणाली, जुनी रजिस्टरं स्कॅन करून रद्दीत दिली, मॅडम,
आणि ही पानं यंत्रापेक्षा रुंद होती.

कागद हातात आला, अजून गरम.
तारीख आहे. गुन्हा नंबर आहे.
आरोपी: अज्ञात. वजन बरोबर. मोहोरेचा काळा डाग.
मग बाबांचं तिरपं अक्षर सुरू होतं,
'वास : घ'
आणि कागद संपतो.

मी तो नाकाशी नेला.
शाई. तापलेलं प्लास्टिक.
मागचा माणूस म्हणाला, बाई, सरका जरा.