छत्तीस दिवस, आणि वर थोडी सकाळ

ब्याण्णव हजार, वर अठरा टक्के.
एक लाख आठ हजार पाचशे साठ.
पुण्यात पाच दिवस, दुपारचं जेवण धरून,
आणि शेवटी प्रमाणपत्र: अधिकृत सल्लागार.

मी आकडा दिवसांत मोडते.
उद्यमबागेत माझा दिवस तीन हजारांना जातो,
म्हणजे छत्तीस दिवस, आणि वर थोडी सकाळ.
छत्तीस दिवस दुसऱ्यांच्या फाउंड्रीत उभं राहायचं,
त्यांच्या फसलेल्या कास्टिंगकडे बघून
हं म्हणायचं.
त्यातले अकरा दिवस नेसरगींकडचे,
आणि पैशाचं काढलं की नेसरगी म्हणतात, नोडोण.
नोडोण म्हणजे बघू.
बघू म्हणजे दिवाळी.
कुठली दिवाळी, ते विचारायचं नसतं.

माहितीपत्रकात तिसऱ्या दिवशी एक सत्र आहे:
ग्राहकाचं मौन कसं वाचावं.
मी हसले. मग हसू थांबलं.
नेसरगींचं मौन मला दोन भाषांत वाचता येतं,
त्याचं बिल लावता आलेलं नाही.

भरमाण्णांना विचारलं, जाऊ काय?
सांबऱ्याचे भरमाण्णा, मोल्डिंग शेडमधले,
वाळू मुठीत दाबून, मूठ उघडून,
गोळा अंगठ्यानं मोडून सांगणारे,
आज पाणी जास्ती झालंय बघ.
प्रयोगशाळेचा कागद दुपारी यायचा
आणि तेच म्हणायचा, दशांशात.
नऊ वर्षं शेजारी उभी राहून
मी ती मूठ शिकले. फी शून्य.
शून्य कशी? त्यांच्या डाव्या हाताची
करंगळी अर्धीच आहे.

म्हणाले, "एवढ्या पैशात
जुनी गाडी येतंय की गं."
मग बिडी विझवून, जरा वेळानं,
"मला आजवर कुणी खुर्ची दिली काय? तुला देतात.
खुर्चीत बसून काय बोलायचं, ते मला येत न्हाई.
मग तुला काय शिकवू?"

हत्तरगीची गोष्ट
मी त्यांना सांगितलेली नाही.
मागच्या उन्हाळ्यात, पंपाच्या बॉडीत भोकं पडत होती.
कारण मला ठाऊक नव्हतं.
समोर मालक, त्यांचा पोरगा, काजूची बशी.
मी म्हणाले, व्हेंट वाढवा.
वाढवले. दोन टन लोखंड
परत भट्टीत गेलं,
आणि माझं बिल मात्र त्याच दिवशी, रोख, न मागता.

मला माहीत नाही, दोन दिवस द्या,
एवढं वाक्य तोंडातून काढायची
फी किती? ते कितव्या दिवशी शिकवतात?
फोन करून विचारलं. पुण्याची मुलगी फार गोड बोलली.
असं सत्र नाही म्हणाली,
पण तुमची सूचना नोंदवून घेते.

रात्री टिळकवाडीत, तिसऱ्या गेटावरून
मालगाडी संपता संपत नव्हती,
तेव्हा फॉर्म भरायला बसले.
नाव. पत्ता. राज्य निवडा म्हणतं;
तिथं बेळगावचं माणूस क्षणभर थांबतंच.
पूर्वीचं प्रशिक्षण, संस्थेचं नाव.
मी लिहिलं, भरमाण्णा सांबरेकर, नऊ वर्षं.
लाल अक्षरांत उत्तर आलं: यादीतून निवडा.
यादी लांब होती.
खाली, अगदी तळाला, इतर.

इतर दाबलं.
पहिला हप्ता छत्तीस हजार. बारा दिवस.
उद्या नेसरगींना फोन करायला हवा.