पटकन

टोलेडोच्या कोर्टात, तिसऱ्या मजल्यावर,
शपथ घेतली तेव्हाच ठरलं:
ती जे बोलेल ते मी 'मी' म्हणूनच बोलायचं.
'ती म्हणते की' असं म्हणायची
दुभाष्याला मुभा नाही.

वर्षाराणी गुंजाळ. कारकून म्हणाला, वाशा रॅनी.
तिनं हात वर केला, शाळेत हजेरी द्यावी तसा.
अंगात नवऱ्याचं जाकीट, बाह्या दोनदा दुमडलेल्या.

आधी आरोप वाचला. तो मराठीत आणायचा होता,
आणि माझ्याकडे शब्द फार निघाले.
आबाळ? पण आबाळ होते, ती कोणी करत नाही,
आबाळीला तुरुंग नसतो.
हयगय? ती तर फोडणी देतानाही होते.
हेळसांड म्हटलं तर बाईला चटका बसेल,
आणि कायद्याला त्याहून मोठा शब्द हवा होता.
शेवटी म्हटलं,
पोराच्या जिवाला धोका पोचवलात, असं म्हणतायत.
ती माझ्याकडे बघत राहिली,
जणू मीच म्हटलं होतं.

"म्हटलं, पटकन जाऊन येते."
जिरं संपलं होतं. शार्विल मागच्या सीटवर झोपलेला,
उठवला तर रात्रभर किरकिर.
रांगेत पुढे एक म्हातारा कूपनं मोजत होता,
एकेक, तळहातानं सरळ करून.

सरकारी वकिलांनी विचारलं, "पटकन म्हणजे किती मिनिटं?"
"पटकन म्हणजे पटकन," ती म्हणाली.
मी तेच इंग्रजीत म्हटलं. तिथे ते उद्धट वाटलं.
कॅमेऱ्यात एकोणीस होती.

पोलिसानं सांगितलं, काच फोडली तेव्हा आत नव्व्याण्णव.
मी सांगितलं, नव्व्याण्णव.
तिचा चेहरा एकदम सैल पडला.
"मग कणकणच ना?"
तिला फॅरनहाइट ठाऊक तो काखेतल्या थर्मामीटरचा,
शंभरच्या आत असलं तर पोराला शाळेत धाडायचं.
आणि मी, शपथेला जागून,
ते जसंच्या तसं पलीकडे ठेवलं: कणकण, एवढंच.
खुलाशाची परवानगी मागितली तोवर
न्यायाधीशबाईंचं लिहून झालं होतं.

मग कोणीतरी विचारलं, नक्की काय केलंत?
"सोडून गेले त्याला."
आय लेफ्ट हिम, मी म्हटलं.

अ‍ॅक्रन. अठ्ठ्याण्णव साल. साताऱ्याहून आईचा फोन.
निमिष टबात, पाणी वीतभर.
फोनला तेव्हा मिनिटामिनिटाला पैसे पडायचे,
आई घाईघाईनं बोलायची,
तरी लांबला.
परत आले तर तो बसलेला होता, गप्प,
डोळे मोठे,
आणि केस ओले, पार टाळूपर्यंत.
मी अजून डोक्यावरून पाणी घातलं नव्हतं.

कोणी काच फोडली नाही.
कोणी मिनिटं मोजली नाहीत, मीसुद्धा.
खसाखसा पुसला, वरणभात भरवला,
संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, आईची तब्येत बरी आहे.
निमिष आता सिएटलला असतो.
समुद्राजवळ घर घेतलंय, पाण्यात पाय घालत नाही,
आणि का ते त्यालाही सांगता येत नाही.

"दुभाषी, पुन्हा सांगा," न्यायाधीशबाई म्हणाल्या,
"ऐकू आलं नाही."
पुन्हा सांगितलं.

पुढची तारीख नऊ जून.
तोवर शार्विल कोणा एका बाईकडे,
तिच्याकडे पाळणा आहे, परवाना आहे, कुंपण आहे.
लिफ्टपाशी वर्षाराणीनं माझी बाही धरली.
"झोपताना त्याला कानाची पाळी लागते हातात.
माझी नसली तरी चालेल.
त्या बाईंना तेवढं सांगाल?"

हे कामकाजात नव्हतं.
लिफ्ट आली, गेली.
"सांगते," मी म्हटलं.
ती बाई कोण, कुठे राहते,
मला काहीच माहीत नव्हतं.