शिक्का

पक्षाचा शिक्का विहारात असतो,
पत्र्याच्या पेटीत, मेणबत्त्यांच्या पुड्याखाली,
पावतीपुस्तकं आणि कुणाचं तरी हरवलेलं पैंजण यांच्यासोबत.
किल्ली माझ्याकडे.
चौतीस वर्षं रबाळ्याला रंगाच्या कंपनीत स्टोअर सांभाळलं,
तेव्हापासून किल्ल्या आपोआप माझ्याकडे येतात.

शनिवारी रात्री साडेदहाला प्रदीप्त आला,
आमच्या तीन नगरसेवकांतला धाकटा,
बाहेर गाडी चालूच.
"काका, शिक्का द्या. वाशीला सगळे बसलेत."
सगळे म्हणजे कोण, मी विचारलं नाही.
पेपर मीही वाचतो. त्यांना तीन कमी पडत होते
आणि आम्ही तीन होतो.

मी म्हटलं, शिक्का एकटा जात नाही.
वहीत नोंद होते: तारीख, वेळ, नेणाऱ्याची सही, कारण.
"कारण नंतर लिहा, काका."
म्हणून शिक्क्यासोबत मी गेलो.

हॉटेलात एवढा गारठा की मफलर आठवला.
भन्ते सुमेधबोधी, वॉर्ड अकरा,
खुर्चीच्या टोकावर, चिवर गुडघ्यांत आवळून.
समोर काजूची बशी, भरलेली.
दुपारनंतर ते काही खात नाहीत
हे त्या लोकांना कुणी सांगितलं नव्हतं.
तेच लोक, ज्यांच्या विरोधात जानेवारीत
मी गेरूने भिंती रंगवल्या.
दिघ्याच्या नाल्याजवळची एक अजून पुसलेली नाही.

पत्र आधीच टाईप झालेलं. बिनशर्त पाठिंबा.
शर्ती दुसऱ्या कागदावर होत्या, त्यावर कुणाचीच सही नव्हती:
उद्यान समिती.
खाणीच्या पायथ्यापर्यंत नळ.
विहाराची अतिक्रमणाची नोटीस स्थगित.
स्थगित. मी दोनदा वाचलं. रद्द नव्हतं लिहिलेलं.

भन्ते माझ्याकडे वळले,
"हिवराळे, तुम्हाला काय वाटतं?"
आयुष्यात एकदा असं कुणी विचारावं
आणि माझ्या तोंडून निघावं:
"पॅड वाळलंय, भन्ते."
खरंच वाळलं होतं. बाटलीतले चार थेंब टाकले,
दाबला. पिंपळपान उमटलं,
देठ नाही उमटला.
"चालेल," त्यांचा वकील म्हणाला, "वाचता येतंय."

सोमवारी तोच साहेब आला
ज्याने विहाराच्या दारावर नोटीस चिकटवली होती.
हातात ग्लॅडिओलसचा गुच्छ.
खळीचा डाग दारावर होताच, त्याने तो पाहिला,
मीही त्याला पाहताना पाहिलं.
फुलं मूर्तीपुढे ठेवली. फुलांचा काय दोष.

आणि खोटं कशाला सांगू, नळ आला.
गुरुवारी, पहाटे सव्वाचारला, आधी हवा, मग लाल, मग पाणी.
पारूबाई, जिने त्या खाणीत चाळीस वर्षं खडी फोडली,
हंडा भरून म्हणाली:
"चवदार तळ्याचं पाणी आपण मागून नव्हतं घेतलं, भाऊ.
हे कुणी दिलं ते विचारून ठेव."

विचारावं लागलंच नाही.
पहिल्याच महासभेत विषय क्रमांक सतरा,
खाणीखालची बेचाळीस घरं, निष्कासन.
गॅलरीतून मी पाहत होतो.
दोन हात लगेच वर गेले.
चिवरातला हात जरा उशिरा,
पण गेला.
बेचाळिसातलं एक घर पारूबाईचं.
नळ तिच्या दारापासून बारा पावलांवर.

रविवारी वंदना. ती नेहमीच्या खांबाशी बसली,
घराबद्दल चकार शब्द नाही.
त्रिसरण झालं. पहिलं शील, दुसरं, तिसरं.
चौथ्याला, जिथे खोटं न बोलण्याचं म्हणायचं,
भन्त्यांचा आवाज अडकला.
घसा असेल. पंखाही मोठ्याने वाजतो आमचा.
पारूबाईने एकटीने ते शील पुढे नेलं,
मग मागून पोरं, मग मी,
मग भन्ते, आमच्या मागून, जणू आम्ही त्यांना देतोय.

संध्याकाळी पेटी उघडली.
शिक्का जागेवर ठेवला, पॅडला नवी शाई घातली.
अंगठ्याचा जांभळा डाग राखेने घासला, थोडा राहिला.
वहीत लिहिलं: परत मिळाला. सुस्थितीत.
कारणाचा रकाना कोरा आहे.
प्रदीप्त दोनदा फोनवर म्हणाला, "लिहा ना काहीतरी, काका."
वही रोज उघडतो.
मेणबत्त्यांचा हिशोब लिहितो.